सराव केंद्राचा करारनामा

आदिलाबादच्या रजिस्ट्री कचेरीसमोर, चहाच्या हॉटेलाच्या पडवीत माणिकरावांचं टेबल होतं. सत्तावीस वर्षं ते त्याच जागी बसून लोकांचे कागद लिहीत आले होते. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, जे कोणाला लागेल ते. वडिलांनी उर्दू शिकवली, शाळेनं तेलुगू आणि घरात मराठी होतीच. त्यामुळे निजामाच्या काळातला फाटका कागद वाचून घ्यायचा असो की कचेरीसाठी तेलुगूत नवा लिहायचा असो, लोक त्यांच्याकडेच येत. सगळे त्यांना मुनशीजी म्हणत. त्यांनी लिहिलेला कागद कोर्टात मोडला असं अजून झालं नव्हतं. कारण विचारलं तर ते एवढंच म्हणत, "सही घ्यायच्या आधी मी कागद मोठ्यानं वाचतो. निम्मी भांडणं तिथंच मिटतात."

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी तुळजाबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. पन्नाशीच्या, उंच, खांद्याला कापडी पिशवी. माणिकराव त्यांना ओळखत होते. चोवीस वर्षं त्या पंचायत समितीत मुख्य सेविका होत्या. जैनथपासून बेज्जूरच्या जंगलापर्यंत त्यांनी गावंच्या गावं पायाखाली घातली होती. नवरा बेल्लमपल्लीच्या खाणीत सर्व्हेअर, पंधरा दिवसांनी घरी येणारा. दोन वर्षांमागे बाईंनी नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीवर 'सराव केंद्र' अशी पाटी लावली. तिथं नेमकं काय चालतं हे मात्र गावात कोणालाच धड माहीत नव्हतं.

"बसा बाई. खरेदी का बक्षीसपत्र?"

"दोन्ही नाई. माझ्याकडं जे लोक येतात त्यांच्याशी करारनामा करायचा हाय."

"म्हणजे भाडेकरू? काय देता तुमी भाड्यानं?"

"माझा तास," तुळजाबाई म्हणाल्या.

माणिकरावांनी टाक खाली ठेवला.

मग बाईंनी सांगितलं. मोठी माणसं त्यांच्याकडं येतात. कोणाला नोकरीच्या मुलाखतीला जायचं असतं, कोणाला चार लोकांत उभं राहून बोलायचं असतं, कोणाला धंदा वाढवायचा असतो पण पाऊल उचलत नाही. बाई त्यांना प्रश्न विचारतात, बोलायला लावतात, चुकलं की पुन्हा बोलायला लावतात. आठ बैठका, एकेक तासाच्या.

"म्हणजे ट्यूशन."

"ट्यूशनमध्ये मास्तरले उत्तर माहीत असतं. इथं उत्तर येणाऱ्यालेच शोधा लागते. हैदराबादच्या ट्रेनिंगमध्ये याले कोच म्हणत होते."

"कोच म्हणजे रेल्वेचा डबा ना?"

"तो पण माणसाले ठिकाणावरच नेते, माणिकराव."

माणिकराव हसले. त्यांना ही बाई आवडली.

कागदाची गरज का पडली तेही बाईंनी सांगितलं. भिवाजी नावाचा एक जण खाणीच्या कचेरीतल्या मुलाखतीसाठी पाच बैठका बसला. नोकरी दुसऱ्याला लागली. तेव्हा तो दोन दिवस बाईंच्या ओट्यावर येऊन बसला. नोकरी द्या, नाईतर उठत नाई म्हणाला. किराणा दुकानाचे बापूजी, घाऊक व्यापाऱ्यापुढं ज्यांची बोबडी वळायची, ते चांगले सुधारले. पण त्यांना वेळेचं भान नव्हतं. बाई जेवायला बसल्या की बापूजी दारात. आणि एका व्यापाऱ्यानं आपल्या सुनेला पाठवलं, चार दिवसांनी स्वतः येऊन विचारलं, आमची सून घरातलं काय काय बोलली?

"तुमी काय सांगितलं?"

"काईच नाई. दुसऱ्या दिवसापासून सून यायची बंद झाली."

"चार दिवसांनी या," माणिकराव म्हणाले. "असा पक्का कागद करून देतो की हायकोर्टातबी हलणार नाई."

चार दिवसांनी तुळजाबाई आल्या. माणिकरावांनी खाकरून वाचायला सुरुवात केली. "लिहून देणार तुळजाबाई व लिहून घेणार अमुक, राहणार तमुक, कारणे करारनामा लिहून देते ऐसाजे. सदरहू इसमास वक्तृत्व व धैर्य आजरोजी ताब्यात दिले असून त्याचा उपभोग त्याने पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने सुखेनैव घ्यावा. त्यास माझे वारस, भाऊबंद अगर हिस्सेदार यांनी हरकत घेतल्यास ती या कागदाने रद्द समजावी..."

बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. थांबवायचा प्रयत्न करत होत्या आणि थांबत नव्हत्या.

"माणिकराव, मी कोणाले शेत विकून राह्यली का?"

माणिकरावांना राग आला. सत्तावीस वर्षांत त्यांच्या कागदाला कोणी हसलं नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली. "मंग वकिलाकडून करून घ्या."

तुळजाबाईंनी हसणं आवरलं. उठून गेल्या मात्र नाहीत. खुर्ची पुढं ओढून त्यांनी विचारलं, "एक सांगा. ज्या दिवशी भांडण होईल त्या दिवशी या कागदानं काय केलं पायजे?"

 जमिनीच्या कागदाचं माणिकरावांना माहीत होतं. त्यानं हद्द दाखवायची. पण इथं जमीन नव्हती, झाड नव्हतं, विहीर नव्हती. बराच वेळ ते रस्त्याकडं बघत राहिले. बाई घाई करत नव्हत्या.

"त्यानं सांगितलं पायजे," माणिकराव हळूहळू म्हणाले, "की कोणी काय कबूल केलं होतं. आन काय कबूल केलं नव्हतं."

"मंग तेच लिवा ना."

बाई गेल्यावर माणिकरावांच्या ध्यानात आलं की त्यांचीही एक बैठक होऊन गेली.

रविवारी दुपारी ते घरी कागद घेऊन बसले. त्यांची बायको आशाबाई समोर तुरीची डाळ निवडत होती. तिनं पहिला मसुदा ऐकला होता आणि तीही हसली होती, फक्त नवऱ्याच्या पाठीमागं.

"मले समजंल असं लिवा," ती म्हणाली. "मले चौथीपर्यंतचं शिक्षण. मले समजलं तर समद्याले समजंल."

माणिकराव एक कलम लिहीत, वाचून दाखवत. आशाबाई मान हलवी किंवा डाळीतला खडा काढता काढता म्हणे, "हे पुन्हा सांगा." पुन्हा सांगताना जे तोंडातून येई तेच ते लिहून घेत. कलम पहिलं, बैठका आठ, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, आणि बैठक सोडून बाईंच्या घरी यायचं नाही. दुसरं, येणाऱ्यानं दिलेला सराव घरी करून यायचा. फीचं कलम दोन ओळींत संपलं. चौथ्या कलमाला मात्र दुपार गेली. नोकरी, निवडणूक, लग्न, खटला, धंदा यांपैकी कशाचीही हमी नाही, हे कसं लिहायचं? सरळ लिहिलं तर माणूस म्हणेल, मग येऊ कायले?

"बाई काय करतात ते पयले लिवा," आशाबाई म्हणाली. "काय करत नाईत ते मागून."

तसं लिहिलं. 'तुळजाबाई येणाऱ्याची तयारी करून घेतील. त्यात कसूर करणार नाहीत. पुढे जे होईल ते त्यांच्या हाती नाही, आणि त्याबद्दल त्यांना जबाबदार धरायचे नाही.' आशाबाईनं ते दोनदा ऐकलं आणि सूप बाजूला ठेवलं. "हे बरं हाय. भिवाजी हे वाचून आला असता तर ओट्यावर बसला नसता."

सहावं कलम नंतर पडवीत येऊन तुळजाबाईंनी हट्टानं घालायला लावलं. 'बैठकीत जे बोलले जाईल ते बैठकीतच राहील. फी देणारा वेगळा असला तरी त्याला ते विचारता येणार नाही आणि तुळजाबाई सांगणार नाहीत.'

"पैसा देणारा इचारणारच, बाई," माणिकराव म्हणाले.

"म्हणूनच लिवा."

मग माणिकरावांनी आपल्या अकलेनं एक गोष्ट केली. जमिनीच्या व्यवहारात कधीकधी पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असतं. तिथं ते तिघांच्या सह्या घेत. इथंही त्यांनी तीन जागा ठेवल्या. शिकवणार, शिकणार आणि फी भरणार. नऊ कलमं, दोन पानं, साधी मराठी. तुळजाबाईंनी कागद वाचला, घडी केली आणि पिशवीत ठेवताना वरून हात फिरवला. माणिकरावांना त्या एका हात फिरवण्यात मेहनताना मिळाला.

त्या साली गावोगाव बायका सरपंच झाल्या होत्या. जैनथकडच्या एका गावात चंद्रभागा नावाची बाई निवडून आली. तिशीची, कापूस-ज्वारीच्या घरातली, सातवी शिकलेली. तिचा नवरा नागोराव आधी दोनदा पंच होता. जागा बायकांसाठी गेली म्हणून त्यानं तिला उभं केलं. आता मंडलाच्या, म्हणजे तिकडच्या तालुक्याच्या, मीटिंगमध्ये तिनं दोन वाक्यं तरी बोलावीत, चारचौघांत आपली शोभा होऊ नये, म्हणून तो तिला घेऊन सराव केंद्रात आला. तुळजाबाईंनी दोघांना करारासाठी माणिकरावांकडे पाठवलं.

तो दिवस वाईट होता. पेरणीच्या तोंडावर लोकांना व्यवहार उरकायचे होते. पडवीत उभं राहायला जागा नव्हती. माणिकरावांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं पान झालं तसा नागोराव घड्याळाकडे बघून म्हणाला, "मुनशीजी, मले सरकीचं बियाणं घ्याचं हाय. दुकान बंद होईल. सही कुठं करू तेवढं सांगा." मागून दुसरा माणूस आपला कागद पुढं सारत होता. माणिकरावांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं. नागोरावानं सही केली. चंद्रभागेनं डोक्यावरचा पदर सारखा करून सावकाश आपलं नाव लिहिलं. शेजारच्या टेबलावरचे बाबाराव, तेही कागद लिहिणारेच, साक्षीदार म्हणून सही करून मोकळे झाले. सहावं कलम दुसऱ्या पानावर होतं.

पुढच्या महिना-सव्वा महिन्यात माणिकरावांना चंद्रभागा दर सोमवारी दिसायची. आधी नवऱ्याच्या मागं चार पावलं. मग नागोराव शेतात गुंतला, तेव्हा जावेला सोबत घेऊन. नंतर एकटीच. बस यायला वेळ असला की हॉटेलात पाणी मागायला यायची. एकदा तिनं माणिकरावांना विचारलं, "दादा, ठराव म्हून लिवलेला कागद अन् अर्ज, यात फरक काय?" माणिकरावांनी दोन्ही नमुने काढून दाखवले. तिनं ते वाचले, ओठ हलवत, बोट न ठेवता.

श्रावण लागला होता तेव्हा एका सकाळी नागोराव पडवीत आला तो तणतणतच.

"मुनशीजी, तुमी मले फसवलं!"

चहा पिणारे लोक वळून बघू लागले. झालं होतं ते असं. पंचायतीच्या बैठकीत सेक्रेटरीनं चंद्रभागेपुढं रजिस्टर ठेवलं. नागोरावानं त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की सही मिळेल. पण चंद्रभागा म्हणाली, आधी काय लिहिलं ते वाचून दाखवा. सगळ्यांसमोर. सेक्रेटरी नागोरावाकडे बघायला लागला, पंच एकमेकांकडे. कोणीतरी हसलं. नागोराव तिथून उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं तुळजाबाईंच्या दारात. माझ्या बायकोले काय शिकवलं? ती माझ्याबद्दल काय बोलते? बाईंनी शांतपणे करारनामा काढला आणि सहाव्या कलमावर बोट ठेवलं.

"असं काई लिवलं व्हतं हे मले कोणी सांगितलं नाई," नागोराव म्हणाला. "तुमी तर म्हणता ना, मी समदं वाचून दाखवतो? मंग हे काऊन नाई वाचलं?"

"वाचलं होतं," शेजारून बाबाराव ताडकन म्हणाले. "मी साक्षीदार हाय. तुमीच ऐकलं नसन. खाली सही कोणाची हाय?"

 माणिकरावांना दिसत होतं की गोष्ट इथंच मिटू शकते. मान हलवली की झालं. सही खरी होती, साक्षीदार उभा होता आणि घाई नागोरावाचीच होती. दहा-बारा माणसं त्यांच्याकडं बघत होती. त्यांतली निम्मी तरी उद्या कागद लिहायला येणारी होती.

"नाई बाबाराव," ते म्हणाले.  "मी पयलं पान वाचलं. दुसरं नाई वाचलं. गर्दी होती म्हून पान उलटवलं. चूक माझी हाय."

बाबारावांनी कपाळाला हात लावला. नागोराव भांडायच्या तयारीनं आला होता. समोरचा माणूस कबूलच झाल्यावर भांडायला काही उरलं नाही.

"मंग आता?" तो म्हणाला.

"आता सोमवारी बाईंच्या घरी बसू. तुमी, तुमची मंडळी, बाई अन् मी. पयल्या ओळीपासून वाचतो. ज्याले पटलं नाई त्यानं सही करू नये. हा कागद मी आपल्या हातानं फाडीन."

तुळजाबाईंना हे कळलं तेव्हा त्या नाराज झाल्या. "कबूल केलं ते बरंच केलं," त्या म्हणाल्या. "पण त्यानं सही नाई केली तर ती यायची बंद होते. तीन बैठका राहिल्यात तिच्या. व्यापाऱ्याच्या सुनेसारखं होईल."

"होईलबी," माणिकराव म्हणाले. "पण न वाचलेल्या कागदावर तुमाले तिले थांबवून ठेवता येते का?"

बाईंनी पिशवीतून करारनामा काढून त्यांच्या हातात दिला. त्या रात्री माणिकराव जेवले कमी. आशाबाईनं कारण विचारलं नाही, तिला पडवीतली गोष्ट दुपारीच कळली होती. तिनं फक्त ताटात आणखी एक भाकर वाढली.

सोमवारी पुढच्या खोलीत चौघं बसले. दोन लाकडी खुर्च्या, एक सतरंजी, खिडकीत तुळस. नागोराव खुर्चीत बसला, चंद्रभागा सतरंजीवर. तुळजाबाईंनी दुसरी खुर्ची तिच्याकडं सरकवली. चंद्रभागेनं एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि ती खुर्चीत बसली. माणिकराव खाली सतरंजीवर बसले. कागद मांडीवर घेऊन लिहायची सवय होती त्यांना.

त्यांनी वाचलं. एकेक कलम वाचून ते थांबत आणि तिघांकडे बघत. पाच कलमं झाली. सहावं वाचून संपलं तसा नागोराव पुढं झुकला.

"हेच. हे मले मंजूर नाई. माझी बायको, माझी फी, अन् मलेच सांगाचं नाई? मंग बोलणं काय व्हतं इथं?"

तो तुळजाबाईंना विचारत होता की बायकोला, ते त्यालाही ठाऊक नसावं. तुळजाबाई बोलायला निघाल्या. चंद्रभागेनं हात किंचित वर केला.

"बाईले नका इचारू. त्या सांगणार नाईत. मी सांगते. माझं बोलणं हाय, मले सांगता येते."

तिनं पदराचं टोक हातात धरलं होतं. आवाज मात्र सरळ होता.

"पयल्या दिवशी मी काईच बोलली नाई. बाईनं इचारलं, सरपंच म्हून तुझं पयलं काम कोणतं? मी म्हटलं, घरी इचारून सांगते. दुसऱ्या दिवशीबी तेच. तिसऱ्या दिवशी बाईनं समोर रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, ज्याच्याशी बोलाची भीती वाटते तो इथं बसला हाय असं समज. मी तुमाले बसवलं. खुर्चीले म्हटलं, मी न वाचता सही करणार नाई. दहा येळा म्हटलं. घरी येऊन तुमाले एकदाबी नाई म्हणता आलं. म्हून थेट सभेत सेक्रेटरीले म्हटलं." ती थांबली. "ते माझं चुकलं. पयले तुमाले सांगाले पायजे व्हतं. तुमाले लोकांत खाली पाहा लागलं, ते मले नाई आवडलं. पण सही वाचूनच करीन. ते काई चुकलं नाई."

 

"खुर्चीले सांगत व्हती?" नागोराव म्हणाला. "मी काय खुर्ची हाय?"

"खुर्ची मधात बोलत नाई ना," चंद्रभागा म्हणाली.

माणिकरावांना हसू फुटलं. त्यांनी कागद तोंडापुढं धरला, पण खांदे हलत होते. नागोरावानं त्यांच्याकडं रागानं बघितलं आणि मग त्याच्याही मिशा हलल्या. 

"असं एक कलम लिवा," तो म्हणाला, "की इथं घरच्या माणसाबद्दल काई ठरलं, तर पयले घरी सांगाचं."

"ते मी लिहू देणार नाई," तुळजाबाई म्हणाल्या. "उद्या कोणाले घरी सांगता येत नसन म्हूनच ती इथं येईल."

"कागदावर कायले पायजे?" चंद्रभागा नवऱ्याला म्हणाली. "मी तोंडी सांगते. घरी सांगीन."

नागोरावानं माणिकरावांकडं हात पुढं केला. माणिकरावांना वाटलं कागद फाडायला मागतोय. त्यानं टाक मागितला होता.

"उरलेलं वाचा पयले," टाक हातात घेऊन तो म्हणाला. "तीन कलमं राहिली हाईत. आता घाई नाई मले."

माणिकरावांनी वाचलं. नागोरावानं प्रत्येक कलमाला काही ना काही विचारलं. शेवटी सही करून वर म्हणाला, "मले याची एक नक्कल पायजे." ते बरोबरच होतं. नक्कल देण्याची तरतूदच नव्हती. माणिकरावांनी दहावं कलम तिथल्या तिथं घातलं. कागद दोन्ही पानं वाचून दाखवला जाईल आणि तिघांना एकेक नक्कल मिळेल.

दिवाळीनंतर चंद्रभागेच्या गावात ग्रामसभा होती. तिनं दोघांनाही निरोप धाडला. माणिकराव आणि तुळजाबाई बसनं जैनथला उतरले, पुढं ऑटोनं गेले. वाटेत दोन्हीकडं कापूस फुटला होता. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं आणि समोर शे-दीडशे माणसं, बायका एका बाजूला. दोघं मागं लिंबाखाली उभे राहिले.

चंद्रभागा उभी राहिली. विषय वरच्या वस्तीच्या हातपंपाचा होता. दोन वर्षं मंजूर असून बसला नव्हता. तिनं सुरुवात नीट केली. तारखा सांगितल्या, अर्ज कधी दिले ते सांगितलं. मग मंडलाच्या साहेबांनी तेलुगूत मधेच काहीतरी विचारलं आणि ती अडकली.  माणिकरावांनी तुळजाबाईंकडं बघितलं. त्यांनी पिशवीचा बंद मुठीत आवळला होता. दुसऱ्या रांगेत नागोराव बसला होता. उत्तर त्याला माहीत असणार. तो पुढं सरकला, ओठ हलले. मग त्यानं दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबले आणि तो तसाच बसून राहिला.

चंद्रभागेनं समोरच्या तांब्यातलं पाणी घेतलं. "साहेब," ती म्हणाली, मोडक्या तेलुगूत आणि मग मराठीत, "तुमचा प्रश्न मले नीट समजला नाई. पुन्हा इचारा, सावकाश. मंग सांगते."

साहेबांनी पुन्हा विचारलं. तिनं सांगितलं. बायकांच्या बाजूनं कोणीतरी मोठ्यानं "बराबर" म्हणालं. हातपंपाची तारीख ठरली, ती रजिस्टरात लिहिली गेली, चंद्रभागेनं ती वाचली आणि खाली सही केली. पंप त्या तारखेला काही बसला नाही. पण संक्रांतीच्या आधी बसला.

सभा उठल्यावर तिनं दोघांना घरी नेलं. नागोरावानं स्वतः अंगणात बाज टाकली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. माणिकराव दोन भाकरी जास्त जेवले. निघताना नागोराव बांधापर्यंत पोचवायला आला आणि सभेबद्दल काहीच न बोलता कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिला. माणिकरावांना ते चांगलं लक्षण वाटलं.

परतीच्या बसमध्ये दोघांना मागची जागा मिळाली. उन्हं कलली होती. तुळजाबाईंनी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं.

"बेज्जूरकडून हाय. एक जण येऊन राह्यला. नदीच्या घाटाचं काम मागायला त्याले अधिकाऱ्यांपुढं बोलायचं हाय. मराठी समजत नाई त्याले. तेलुगूत कागद लागंल."

"करू ना," माणिकराव म्हणाले.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बसच्या तिकिटाच्या मागं तेलुगूत पहिलं कलम लिहून बघितलं. बस खड्ड्यात आदळली, अक्षर वाकडं झालं. कचेरीत चालणारा शब्दच आधी उमटला होता, तो घाटावरच्या माणसाला समजला नसता, म्हणून त्यांनी खोडला. पुढच्या बाकावर एक भाजीवाली तेलुगूत शेजारणीशी बोलत होती, कोणाच्या तरी लग्नाचं, भराभर, हात नाचवत. माणिकराव पेन्सिल हातात धरून तिचं बोलणं कान देऊन ऐकू लागले.